बायकांचं दार

आई, तुझी टॉकीज होती त्या जागेवर आता जी इमारत उभी आहे, तिच्या पहिल्या मजल्यावर बसून मी हे लिहिते आहे. खाली मोबाईलची दुकानं, एक तयार कपड्यांचं दुकान, कोपऱ्यात मेडिकल. वर रक्त तपासायची लॅब आणि तिला लागून डायलिसिस सेंटर. तुझे जावई आत आहेत. डायलिसिस म्हणजे काय ते तुझ्या वेळी आपण ऐकलंही नव्हतं. मूत्रपिंडं काम करेनाशी झाली की माणसाचं रक्त नळीतून बाहेर घेतात, मशीनमध्ये साफ करतात आणि परत अंगात सोडतात. आठवड्यातून तीनदा यावं लागतं. त्यांना पलंगावर निजवलं की नर्स मला म्हणते, "काकी, तुम्ही बाहेर बसा," आणि मी बाहेर बसते. सुरुवातीला विणायला आणायची, मग पोथी आणायची. आता काही आणत नाही. आज खालच्या मेडिकलमध्ये त्यांच्या गोळ्या घेताना एक पॅड घेतलं, पेन पर्समध्ये होतंच. कोणाला लिहायचं ते घेताना ठरलं नव्हतं.

पहिल्यांदा इथे आलो तेव्हा तुझं दार कुठे असेल ते मी शोधत होते. तू बसायचीस तो बाक, बायकांच्या बाजूचा तो अरुंद व्हरांडा, पायऱ्या. रस्त्यापलीकडचा जुना सोनार अजून आहे, त्याच्यावरून अंदाज धरून बघितला. पण लागला नाही. खाली गाड्या लावायला तळघर काढलंय, त्यासाठी जांभ्याचा खडक पार खोलवर कापून नेला. इमारत पाडतात हे ठाऊक होतं. खालची जमीनही नेतात हे मला माहीत नव्हतं. मग शोधणं सोडून दिलं. आता लिफ्टने वर येते आणि दारालगतच्या खुर्चीत बसते, पंखा तिथेच लागतो.

तू त्या कामाला कशी लागलीस ते मला अर्धं आठवतंय आणि अर्धं तुझ्याकडून ऐकलेलं आहे. बाबा मुंबईला छापखान्यात होते, काविळीने तिकडेच गेले. मी तिसरीत होते. तू लोकांकडे पापड-कुरडयांची कामं करायचीस, त्यात टॉकीजच्या मालकीणबाईंचं घर होतं. मालक बागायतदार. आंब्यावर मिळवलेलं सगळं त्यांनी टॉकीजमध्ये घातलं होतं आणि रत्नागिरीत तेव्हा तशी दुसरी इमारत नव्हती. चिऱ्याचं उंच दर्शनी तोंड, त्याच्यावर चुन्यातली कमळं, रुंद पायऱ्या, आत लाकडी कठड्याची बाल्कनी आणि वाजंत्री सुरू झाली की आपोआप वर जाणारा लाल मखमली पडदा. पण बायका येत नव्हत्या. बायकांची बाजू वेगळी होती, मध्ये कमरेएवढी भिंत होती, तरी येत नव्हत्या. मालकीणबाई तुला म्हणाल्या, "दारावर पुरुष उभा असतो गो, अंधारात त्याच्या मागून कोण जाईल? तू उभी राहा." तू म्हणालीस, "मला सिनेमातलं काही कळत नाही." त्या म्हणाल्या, "सिनेमातलं कळायला नकोच. बायकांतलं कळलं म्हणजे झालं." हे तू मला पुष्कळदा सांगायचीस, आणि सांगताना त्यांच्यासारखा हात हलवायचीस.

मग तुला निळा कोट मिळाला. तो पुरुषाच्या मापाचा होता. साडीवर घातलास की बाह्या बोटांपर्यंत यायच्या, म्हणून तू त्या दुमडून टाके घातलेस. आणि हातात बॅटरी. आळीतल्या बायकांनी आधी तोंडं वाकडी केली, मग हळूहळू त्याच येऊ लागल्या. बाजाराच्या दिवशी दुपारच्या खेळाला तर काय व्हायचं. डोंगराकडच्या गावांतून एस.टी.ने उतरलेल्या बायका, मोहल्ल्यातल्या बुरख्यातल्या बायका, मास्तरांच्या बायका, आणि मासे विकून झालेल्या, रिकाम्या पाट्या घेऊन आलेल्या. त्या पाट्या तू व्हरांड्यात भिंतीला लावून ठेवायचीस. कोणी नाक मुरडलं तर म्हणायचीस, "त्यांनीही तिकीट काढलंय." पावसाळ्यात पाट्यांच्या शेजारी छत्र्यांची रांग, आणि खेळ सुटल्यावर कोणाची छत्री कुठली ते तुला न विचारता माहीत असायचं. कोणी वृद्ध बाई अंधारात अडखळली तर ती तुलाच हाक मारायची, "बाय, जरा हाताला धर गो, मना काय दिसत न्हाय." तू बॅटरी तिच्या पायांपुढे धरायचीस, तोंडावर कधीच नाही.

आणि पोरं. तान्हं पोर रडायला लागलं की पुरुषांच्या बाजूने ओरडा व्हायचा, मग ती बाई ओशाळून उठायची. तू तिला खाली बसवायचीस आणि पोर स्वतःकडे घ्यायचीस. व्हरांड्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोर खांद्यावर घेऊन तुझ्या येरझाऱ्या चालायच्या आणि आत त्या बाईचा सिनेमा चालायचा. मी शाळेतून तिथेच यायचे, बाकावर दप्तर ठेवून गृहपाठ करायचे. मला अजून दिसतं. तू चालते आहेस, कोटाच्या खांद्यावर पोराची लाळ लागली आहे, आतून कोणाच्या तरी भांडणाचा आवाज येतो आहे, आणि तू मला सांगते आहेस, "आता हा तिला घराबाहेर काढेल बघ." तू सगळे सिनेमे असे ऐकलेस. बघितलेस ते तुकड्यांनी, दाराच्या फटीतून, उभ्याने.

दोन खेळांच्या मधल्या वेळात तू घरी यायचीस. कोट खुंटीला, हात-पाय धुतलेस की चुलीपाशी. स्टोव्ह नंतर आला. भात शिजत असतानाच खोबऱ्याचं वाटप वाटायचीस, आणि मी कोकमं भिजत घातली नसली तर नुसती माझ्याकडे बघायचीस. कालवण उकळेपर्यंत भिंतीला टेकून पाय लांब करून बसायचीस. त्या बसण्यात बोलायचं नाही हे मला कोणी शिकवलं नव्हतं, पण कळत होतं. परवा मी घरी गेले आणि ओट्याशी तशीच टेकले, पाय लांब केले. किती वेळ तशी होते कोण जाणे, कुकर गार झाला होता. माझं वय आता तुझ्या तेव्हाच्या वयाच्या कितीतरी पुढे गेलं आहे आणि मी तुझ्याएवढं चाललेही नाही.

तू मला एकदाच खरी रागावलीस. मी पाचवी-सहावीत असेन. आत विनोदी सिनेमा चालू होता, सगळी टॉकीज हसत होती आणि शेवटच्या ओळीतली एक बाई पदर तोंडात धरून रडत होती. ती दर आठवड्याला यायची. पडद्यावर काहीही असलं तरी ती रडायची. मला ते फार गमतीचं वाटलं, मी शेजारच्या मुलीला बोटाने दाखवलं आणि हसले. तू माझा दंड धरून मला बाहेर आणलंस. आवाज चढवला नाहीस. म्हणालीस, "तिच्या घरात बारा माणसं आहेत. तिला रडायला जागा नाही, म्हणून ती इथे येते. तू हसताना तिने बघितलं तर उद्या ती कुठे जाईल?" मी म्हटलं, "मग ती घरच्यांना का नाही सांगत?" तू म्हणालीस, "काय सांगायचं असतं?" आणि आत निघून गेलीस. आता इथे बसल्यावर ते आठवतं. इथे दिवसभर ट्यूबलाइटचा पांढरा उजेड असतो आणि समोरासमोर खुर्च्या. कोणाला रडू आलं तर जिन्यात जावं लागतं. मागच्या महिन्यात एक तरुण मुलगी जिन्यात बसली होती, नवरा आत होता तिचा. मी लिफ्ट सोडून जिन्याने निघाले होते, तिला बघितलं आणि आवाज न करता परत वळले.

मला कचेरीत टायपिस्टची नोकरी लागली तेव्हा तू म्हणालीस, तुला काय देऊ? मी म्हटलं, काही नको. पुढच्या रविवारी तू कोट न घालता, चॉकलेटी काठाची साडी नेसून माझ्याबरोबर टॉकीजला आलीस. बाल्कनीची तिकिटं काढलीस. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "बाई, तुम्हाला कसलं तिकीट?" तू म्हणालीस, "आज मी गिऱ्हाईक आहे." मध्यंतरात खायला वडे सांगून ठेवलेस, पडदा वर गेला तेव्हा माझा हात दाबलास. इतकी वर्षं तिथे असूनही आपण दोघी कधी शेजारी बसलो नव्हतो. आणि पडद्यावरची नावं संपायच्या आत तुला झोप लागली. मान माझ्या खांद्यावर. आधी मला वाटलं उठवावं, एवढ्या हौसेने आलीस. मग तुझा श्वास ऐकला आणि राहू दिलं. वडे आले, गेले. तू जागी झालीस ती दिवे लागल्यावर. "काय झालं शेवटी?" म्हणालीस. मी सांगितलं, घरी जाता जाता पूर्ण गोष्ट सांगितली. तू मधेमधे "बरं झालं" म्हणत होतीस. मला आयुष्यात पुष्कळ गोष्टी मिळाल्या, पण तुझी ती झोप मी कोणत्याही दागिन्याच्या वर ठेवीन.

त्यानंतर उतरण लागली. आधी घराघरांत टीव्ही आले, मग व्हिडिओ, मग केबलच्या तारा. दुपारच्या खेळाला बायकांच्या बाजूला चार-पाच जणी, मग एखादी, मग कोणीच नाही. मालकांना अर्धांगवायू झाला. मुलगे पुण्याला. त्यांनी टॉकीज एका बाहेरच्या माणसाला चालवायला दिली. त्याने दोन महिने गल्ला बघितला आणि फक्त पुरुष बघायला जातात ती चित्रं लावायला सुरुवात केली. भिंतीवर तसली पोस्टरं लागली. शाळेच्या मुलींनी तो रस्ता सोडला. कचेरीत माझ्या टेबलाजवळ बोलणं सुरू असलं की मी आल्यावर थांबायचं. बायकांच्या बाजूच्या खुर्च्या त्याने काढून विकल्या, कमरेची भिंत तेवढी राहिली. छपराचे पत्रे गळत होते, पडदा एका बाजूने फाटून लोंबत होता, आणि तो आता वर जायचा नाही, वरच असायचा. कामाची माणसं एकेक करून सुटली. तू राहिलीस. कोट चढवायचीस, बाकावर जाऊन बसायचीस. मी तुला विचारलं होतं, माझा पगार आपल्या दोघींना पुरतो, मग कशाला जातेस? तू म्हणालीस, "मला कोणी जा म्हटलेलं नाही." ते उत्तर नव्हतं, ते तुलाही कळत होतं.

मग एका शनिवारी अर्ध्या दिवसाने मी घरी आले तर स्वयंपाकघरात तीन बायका चहा पीत बसलेल्या. एक म्हातारी, दोन तरुण, डोक्यावरून पदर, पायांना लाल माती. देवरूखच्या पलीकडच्या कुठल्याशा वाडीवरच्या. म्हातारी कुरकुरत होती, "पोरींना म्हटलं, येवढं डाक्तराकडं आलाव तं शिनेमा दावते. मी पयल्यांदा बगितला तो ह्याच टाकीजात. तर मशीनच मोडली म्हणं." तू म्हणालीस, "जुनी झालीय हो मशीन. सारखी मोडते." त्यांना लाडू दिलेस, एस.टी.च्या वेळेपर्यंत बसवलंस, स्टँडपर्यंत पोचवून आलीस. आल्यावर मी विचारलं, "मशीन मोडली?"

"नाही."

"मग?"

"म्हातारीला वाचता येत नाही. पोस्टरावर नजर गेली नाही तिची. सुनांना घेऊन थेट पायऱ्या चढली, माझ्याकडे बघून हसली. ओळखलंन मला. तिला काय सांगू, आत काय आहे ते? सुनांसमोर?" तू भांडी विसळायला घेतलीस. पाठमोरीच म्हणालीस, "अजून येतात गो. महिन्यातून एखादी येते. पूर्वी आलेली असते ना."

तेव्हा मला कळलं तू तिथे का बसतेस. तू बाकावर बसून बायकांना परत पाठवत होतीस, आणि त्यांना लाज वाटणार नाही अशा रीतीने. चालवणाऱ्याला ते कळलं तेव्हा तो तुला सगळ्यांसमोर बोलला, "गिऱ्हाईक परत लावता होय? कशाला पोसतो मी तुम्हाला?" तू त्याला म्हणालीस, "त्या तुमच्या गिऱ्हाईक नव्हेत." तरी त्याने तुला काढलं नाही. मालकीणबाई जिवंत होत्या, त्यांचा शब्द असेल, किंवा त्यालाही कुठे एखादी आई असेल. मला माहीत नाही.

त्याच वर्षी देवरूखचं स्थळ आलं. मुलगा हायस्कुलात गणित शिकवत होता. बघायला आले ते मुलगा, त्याची आई आणि काका. काकांच्या हाती सगळा कारभार, कारण मुलाचे वडील नव्हते. शिरा खाऊन झाला, माझी नोकरी, माझं शिक्षण विचारून झालं. मग काकांनी बशी खाली ठेवली.

"मुलगी आम्हाला पसंत आहे. एक फक्त. तुम्ही ते टॉकीजचं काम सोडा. तिथे काय चालतं ते आमच्याकडेसुद्धा सगळ्यांना माहीत आहे."

तू म्हणालीस, "माहीत आहे ते खरंच आहे."

"मग?"

"माझी एकुलती एक आहे. तिच्या आड मी येणार नाही. सोडते. पण माझ्या जागी दुसरी बाई मिळेपर्यंत थांबा." आणि तू त्यांना म्हातारीची आणि तिच्या सुनांची हकिगत सांगितलीस. साधी, जशी घडली तशी.

काका म्हणाले, "तिथे दुसरी कोण बाई येणार आहे?"

"कोणी नाही येणार," तू म्हणालीस.

मुलाची आई माझ्याकडे बघत होती, मी जमिनीकडे. तेवढ्यात मुलाने पहिल्यांदा तोंड उघडलं. "तुम्ही त्या बायकांना काय सांगता?"

"मशीन मोडलीय, असं सांगते."

तो हसला. काका हसले नाहीत. कळवतो म्हणून उठले. आठवडा गेला, पंधरवडा गेला. तू कोट धुवायला काढलास की मला वाटायचं, आता घडी करून परत देणार. मला ते लग्न हवं होतं, आई. तो माणूस मला त्या एका हसण्यावरून आवडला होता. आणि तू काम सोडावंस असंही मला वाटत नव्हतं. दोन्ही एकाच वेळी कसं होणार, ते कळत नव्हतं.

पुढचं मी बघितलं नाही, तू संध्याकाळी बांगडे साफ करता करता सांगितलंस. भर दुपारी, खेळ सुरू व्हायच्या वेळेला, तो टॉकीजच्या फाटकात येऊन उभा राहिला. वर ते पोस्टर, खाली हा पांढरा शर्ट घातलेला मास्तर, आणि रस्त्याने जाणारे येणारे बघताहेत. तुला वाटलं, हा सिनेमालाच आला. तू उठून पायऱ्या उतरलीस आणि त्याला म्हणालीस, "मशीन मोडलीय."

तो म्हणाला, "माहितीय मला. मी तुमच्याकडे आलोय."

आणि तुझ्याबरोबर बाकावर येऊन बसला. आतले आवाज व्हरांड्यात ऐकू येत होते. तू त्याला म्हणालीस, घरी जाऊन बोलू, इथे कोणी बघेल. तो म्हणाला, बघू दे. खेळ सुटेपर्यंत बसला. त्याच्या ओळखीचा एकजण आतून बाहेर आला आणि ह्याला बघून तोंड लपवून पळाला, ते सांगताना तुला इतकं हसू आलं की सुरी खाली ठेवावी लागली. निघताना तो एवढंच म्हणाला, "काका लग्नाला येणार नाहीत. बाकीचे येतील." तसंच झालं.

लग्नानंतरही तू बसत राहिलीस. ह्यांची बदली रत्नागिरीत झाली, आपण पुन्हा जवळ आलो. शाळेतून येताना हे कधीकधी तुझ्याजवळ बाकावर टेकायचे, पेपर तपासायचे. पोरं चिडवायची, सर कुठे बसतात बघा म्हणून. ह्यांना त्याचं काही नव्हतं. मालकीणबाई गेल्या, मालक गेले. चालवणाऱ्याला ती चित्रंही परवडेनाशी झाली, कारण ते सगळं लोकांना आता दुसरीकडे मिळू लागलं होतं. मग तो जुने मारामारीचे सिनेमे लावायचा. शेवटचा खेळ कुठला ते कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण तो शेवटचा आहे हे आधी ठरलं नव्हतं. श्रावणातली एक दुपार. आत मोजकी माणसं, छपरातून पाणी गळतंय म्हणून एका कोपऱ्यात सरकून बसलेली. मध्येच चित्र थांबलं. तू मला सांगितलंस ते मी विसरले नाही. पूर्वी रीळ तुटलं की टॉकीज डोक्यावर घ्यायचे, शिट्ट्या, पाय आपटणं, शिव्या. त्या दिवशी कोणी ओरडलंसुद्धा नाही. थोडा वेळ अंधारात बसले, मग एकेक उठून छत्री उघडून गेले. तू म्हणालीस, "खरंच मोडली या वेळी." दुसऱ्या दिवशी फाटकाला कुलूप.

कोट तू घरी आणलास. परत घ्यायला कोणी राहिलं नव्हतं. नंतरची तुझी वर्षं फार नव्हती. साखर वाढली, पाय सुजायचे. संध्याकाळी त्या रस्त्याने एक फेरी मारायचीस, थांबायची नाहीस. मग तो ताप आला, सिव्हिलला नेलं, हे रात्रंदिवस तुझ्याजवळ होते. तू ह्यांना म्हणत होतीस, "तुम्ही जा, शाळा आहे." हे म्हणायचे, "सुट्टी आहे." सुट्टी नव्हती. तू ते ओळखलं असशील. तू गेल्यानंतर दोन वर्षांनी टॉकीज पाडली. चिरे चांगले होते, ट्रकने कोणाच्या तरी बागेच्या गडग्याला, कुंपणाच्या भिंतीला गेले. तू नव्हतीस ते बरं झालं असं लोक म्हणाले. मला तेव्हा तसं काही वाटलं नाही. तुझं त्या चिऱ्यांवर प्रेम होतं असं मला कधी दिसलं नाही. तुझं लक्ष पायऱ्यांवर असायचं, कोण चढतंय त्याच्यावर.

आता ह्यांचं सांगते, त्यासाठीच बहुधा मी हे लिहायला घेतलं. दोन वर्षं झाली या मशीनला. हात काळेनिळे झालेत. पाणी मोजून प्यायचं, आंब्याची फोड तोंडात घालायची नाही. नातू खातो तेव्हा हे खिडकीबाहेर बघतात. मुलगा लोट्याला रसायनांच्या कंपनीत आहे, पाळ्या असतात, जमेल तसा येतो. तो म्हणाला, माझं मूत्रपिंड देतो. ह्यांनी ऐकूनच घेतलं नाही. "रसायनात काम करतोस, तुला दोन्ही लागतील," म्हणाले. माझं जुळलं नाही. परवा रविवारी जेवताना ह्यांनी हात थांबवला आणि म्हणाले, "पुरे करूया आता."

मी म्हटलं, "भात वाढू थोडा?"

"मी डायलिसिसचं म्हणतोय."

"कळलं मला."

"तू दमलीस."

"तुम्ही माझं नका सांगू. तुमचं सांगा."

"मीही दमलो," म्हणाले, आणि पुन्हा जेवायला लागले. पुढे विषय निघाला नाही. मला वाटलं, आज येणार नाहीत. सकाळी मी मुद्दाम काही बोलले नाही, डबा भरला नाही, पर्स घेतली नाही. हे आपणच उठले, शर्ट घातला, खाली जाऊन रिक्षा थांबवली आणि वर बघून माझी वाट बघत राहिले, तेव्हा मी पर्स उचलली. रिक्षात मी विचारलं, "का आलात?" तर म्हणाले, "अजून ठरलं नाही माझं." त्यांच्या आवाजात ना राग होता ना दुःख. गणित अडलंय आणि उद्या बघू, असं ते शाळेतल्या मुलांना सांगायचे ना, तसं.

थांबवलं तर काही आठवडे, असं डॉक्टरांनी कधीतरी सांगितलं होतं. मुलाला हे मी फोनवर सांगितलेलं नाही. तो धावत येईल, रडेल, वाद घालेल, आणि हे त्याच्यासाठी म्हणून येत राहतील. ते मला नको. त्यांचं त्यांनी ठरवावं, आणि ते ठरवतील तेव्हा मी शेजारी असावं, एवढंच मला समजतं. तू असतीस तर काय म्हणाली असतीस, याचा विचार मी करून बघितला. तू काही म्हणाली नसतीस. चहा टाकला असतास.

नर्सने आताच बाहेर डोकावून सांगितलं, "काकी, अर्ध्या तासात सोडते." पॅडची पानं फाडून मी पर्समध्ये घालणार आहे आणि घरी गेल्यावर चुलीत घालायला आता चूल नाही, म्हणून बारीक फाडून टाकीन. कोणाच्या हाती लागू नयेत, मुलाच्या तर नाहीच. कारण एक गोष्ट लिहायची राहिली आहे, आणि ती तुझ्याखेरीज दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. रविवारी हे "पुरे करूया" म्हणाले ना, तेव्हा भीती नंतर आली. आधी, अगदी घोट गिळायला लागतो तेवढा वेळ, मला बरं वाटलं होतं, आई.